माझा दारिक परत द्या

माझी वहिनी अरिशत लग्न होऊन यरुशलेमला आली, तेव्हा गल्लीतल्या बायका तिचं तोंड बघायला आल्या आणि गळाच बघून गेल्या. तिच्या गळ्यात लाल लोकरीच्या दोऱ्यात दोन दारिक होते. पारसाच्या राजाची अस्सल सोन्याची नाणी. एका बाजूला गुडघा टेकलेला राजा, डोक्यावर मुकुट, एका हातात धनुष्य, दुसऱ्यात भाला. दुसऱ्या बाजूला नुसता ठोकल्याचा खड्डा. आम्ही राजाला खंडणी द्यायचो ती चांदीत आणि तेलात. सोन्यातला राजा ऐकून माहीत होता, डोळ्यांनी कुणी बघितला नव्हता.

तिचे वडील अश्दोदच्या बंदरावर खारवलेली मासळी विकायचे. मिसरवर निघालेली राजाची फौज किनाऱ्याच्या रस्त्यानं गेली, तेव्हा त्यांनी फौजेला मासळी पुरवली आणि एका सरदारानं हे दोन दारिक त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते खर्चले नाहीत. लेकीच्या गळ्यात घातले.

माझ्या आईनं, हमूटलनं, पहिल्याच दिवशी सुनेला सुनावलं, "सोनं झाक आधी. आणि केस धुऊन ये. मासळीचा वास मारतोय."

"मासळीचा नाही, सासूबाई, समुद्राचा आहे," अरिशत म्हणाली. "तुम्ही समुद्र बघितला नाहीत, म्हणून ओळखला नाहीत."

आई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मी हसू दाबायला जात्याकडे वळले. मी मिल्का. नवरा वारल्यावर माहेरी परत आले होते. माझा भाऊ पलत्या सोनार होता आणि घराच्या पुढच्या खोलीतच त्याची भट्टी होती. नवी नवरी आल्याबरोबर सासूला उलट बोलली, तरी तो फुंकणी तोंडात धरून बसून राहिला. भावाचा स्वभाव तसाच. हात बोलके, तोंड मुकं.

दोन-तीन वर्षं आई आणि अरिशत एकमेकींना टोचत राहिल्या. मग टोळांचं वर्ष आलं. जव गेला, द्राक्षं गेली, जैतुनाच्या झाडाला पान उरलं नाही. सोनाराकडे कोण येणार? आम्ही मसुराचं पाणी पीत होतो. एका सकाळी अरिशत बाजारात गेली आणि गाढवावर जवाची पोती लादून परत आली. गळ्यात एकच दारिक होता.

आईनं पोत्याकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. म्हणाली, "विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते."

"म्हणूनच नाही विचारलं. पीठ कुणी काढायचं, मी की वन्सं?"

त्या दिवसापासून आई तिला 'अश्दोदी' म्हणायची थांबली आणि 'सूनबाई' म्हणू लागली. भांडायची थांबली नाही.

दुसरा दारिक गेला तो लेकीपायी. माझी भाची येमीमा चार वर्षांची असताना तापानं फणफणली. औषधपाणी झालं, काही उतार पडेना. अरिशतच्या माहेरचा देव वेगळा, देवी वेगळी. पण ती पोरीच्या अंथरुणाशी बसून मला म्हणाली, "वन्सं, तुमच्या देवाला नवस बोलायचा तर कसा बोलतात?"

"जसं बोलवेल तसं," मी म्हटलं.

ती आपल्या बोलीतच बोलली. मला निम्मं कळलं. पोर वाचली. ताप उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनी गळ्यातला दोरा तोडून मंदिराच्या भांडारावर गेली. मी बरोबर होते. मंदिरासाठी तेव्हा सोन्याचा नवा कटोरा करायचं चाललं होतं, आणि टोळांनंतर लोकांच्या घरात सोनं उरलं नव्हतं. कुणी कानातलं दिलं, कुणी मोडकी अंगठी. भांडारावर हशब्या बसला होता. आमच्या वडिलांचा चुलतभाऊ, भाऊबंदांतला सगळ्यांत मोठा.

त्यानं दारिक उलटसुलट करून बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "एवढं सोनं तर अख्ख्या गल्लीनं दिलं नाही. पण पोरी, याच्यावर राजाचं चित्र आहे. देवाच्या घरात चित्र चालत नाही."

"मग परत नेऊ?"

"सोनं चालतं," हशब्या घाईघाईनं म्हणाला. "आटवलं की झालं. आणि कटोरा तुझाच नवरा करणार आहे, दूर कशाला जायचं? प्रभू तुझं घर वसतं ठेवो."

पलत्यानं आमच्याच भट्टीत ते सोनं आटवलं. गल्लीतल्या अंगठ्या, बाळ्या आणि वहिनीचा राजा, सगळं एकाच मुशीत. मी आणि वहिनी बघत होतो. राजाचं आधी धनुष्य गेलं, मग मुकुट, मग गुडघा. वहिनी म्हणाली, "आमच्या बंदरावर याच्या नावानं लोक चळचळा कापायचे. लोण्यासारखा गेला की!" पलत्या त्या दिवशी मोठ्यानं हसला. कटोरा फार सुरेख झाला. मंदिरात नेला तेव्हा बायकांनी तो आडूनच बघितला, पण बघितला.

त्यानंतर बऱ्याच काळानं बाबेलहून, आमच्या आजे-पणज्यांना जिथं कैद करून नेलं होतं तिथून, नवी मंडळी आली. शास्त्र शिकलेली, उपास करणारी. राजाचा हुकूमही त्यांच्यापाशी होता. त्यांना इथं आल्यावर काय दिसलं, तर आपल्या माणसांच्या घरात शेजारच्या मुलखांतल्या, अश्दोदच्या, मवाबाच्या, अम्मोनाच्या बायका. त्यांनी कपडे फाडले, केस उपटले. त्यांचं भय खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आमचे आजे-पणजे देवाला विसरले म्हणूनच देशोधडीला लागले, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. मूठभर माणसं परत आली होती. ती पुन्हा विखुरली तर, ही धास्ती आईच्या पिढीच्या हाडात होती. पण भय एकाचं आणि घर मोडणार दुसरीचं, हे मला कधी पटलं नाही.

सगळ्या पुरुषांना मंदिरापुढच्या चौकात बोलावलं. थंडीतला पाऊस धो धो कोसळत होता. पलत्या परत आला तो निथळत, दातावर दात वाजत. वहिनीनं त्याला कोरडं वस्त्र दिलं, पुढ्यात गरम मसूर ठेवला. तो खाईना.

"काय ठरलं?" आईनं विचारलं.

"परक्या बायका माहेरी धाडायच्या," पलत्या खाली बघून म्हणाला. "मुलांसकट. एकेका घराण्याची सुनावणी होणार. जो ऐकणार नाही, तो मंडळीबाहेर, वाळीत. त्याची मालमत्ता जप्त."

पाऊस छपरावर वाजत होता. मग वहिनीनं विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"

"हात वर केला. सगळ्यांनीच केला."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं. तुमचा हात तुमच्या खांद्याला आहे ना? की तो पण सगळ्यांत वाटून टाकलात?"

"अरिशत, मी एकटा काय करणार होतो? ही भट्टी गेली तर आई काय खाईल, मिल्का काय खाईल?"

"टोळांच्या साली काय खाल्लं होतं?" ती म्हणाली. ओरडून नाही, भाजीचा भाव विचारावा तशी. मसूर थंड झाला.

सुनावणीपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. पलत्या एक गाढव घेऊन आला, तिच्या वाटेसाठी अंजिरं बांधून ठेवली, थोडी चांदी कापडात गुंडाळली. तो हे सगळं करायचा आणि वहिनीच्या नजरेला नजर द्यायचा नाही. आमच्या पलीकडच्या घरातली मवाबी सून रडत रडत निघून गेली. तिची तान्ही लेक कडेवर होती. सासूनं दार लावून घेतलं, ते त्या दोघी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्यावरच उघडलं. वहिनी उंबऱ्यात उभी राहून ते बघत होती.

"मी रडत जाणार नाही," ती मला म्हणाली. "आणि मुकाट्यानं पण जाणार नाही. जे सांगायचं ते माझ्या तोंडावर सांगू देत."

"बायकांना बोलावलेलं नाही, वहिनी."

"मासळीला पण कुणी जाळ्यात बोलावत नाही, वन्सं. आणतात ओढून. मी आपल्या पायानं जाते."

सुनावणीच्या दिवशी ती येमीमाचा हात धरून निघाली. पलत्या पुढं, ती मागं, तिच्या मागं मी. गल्लीच्या टोकाशी वळून बघते तर आई काठी टेकत येतेय.

"तू कुठं?" पलत्यानं विचारलं.

"माझ्या सुनेला कोण काय बोलतंय ते ऐकायला. तू चाल पुढं. पाय आहेत ना, की ते पण वर केलेस?"

मंदिराच्या बाजूच्या ओसरीवर वडील मंडळी बसली होती. मधोमध हशब्या. त्याची दाढी आता पांढरी झाली होती. आम्हाला बघून तो कष्टी झाला, हे मला दिसलं. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

"पलत्या," तो म्हणाला, "तुझ्या घरी अश्दोदची बायको आहे. तिला मुलीसकट माहेरी धाडशील ना? हो म्हण, की सुटलास."

पलत्याच्या ओठांनी हो म्हणायची तयारी केली. त्याआधी वहिनी पुढं झाली.

"मामंजी, मी जाते."

ओसरीवरच्या सगळ्यांनी श्वास सोडला. हशब्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "शहाणी पोर आहेस. बायकांनी इथं बोलायचं नसतं, पण तू शहाणी आहेस."

"जाते. फक्त माझा दारिक परत द्या."

"कसला दारिक?"

"मी कटोऱ्याला दिलेला. तुम्हीच घेतलात. मी परकी, मी विटाळ, तर माझं सोनं पण परकं आणि विटाळलेलं. ते देवाच्या घरात कसं चालेल? मी जाते आणि माझं सोनं बरोबर नेते."

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. हशब्यानं हात करून गप्प केलं. मग तो शेजाऱ्याशी कुजबुजला आणि भांडाऱ्याला आत पाठवलं. भांडारी आतून एक दारिक घेऊन आला, नव्या मंडळींनी राजाकडून आणलेल्यांतला, अजून न आटवलेला. कोराकरकरीत. राजाच्या मुकुटाची टोकं सुद्धा झिजली नव्हती. हशब्यानं तो तळहातावर धरून पुढं केला.

"घे. कुणी म्हणू नये की मंदिरानं बाईमाणसाला लुबाडलं."

मला वाटलं, घेईल. वाटेला पैसा लागतोच. वहिनीनं त्या सोन्याकडे वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"हा राजाचा आहे, मामंजी. माझा नाही. माझा कटोऱ्यात आहे. मला माझा हवा."

"अगं, सोनं ते सोनं!"

"हो? आणि बाई ती बाई नाही वाटतं?"

हशब्याचा आवाज चढला. "देवाला वाहिलेलं परत निघत नाही! त्याच्यासाठी कटोरा फोडायचा का?"

"फोडा," अरिशत म्हणाली. "माझं घर फोडताय ना, मग कटोरा फोडायला काय झालं? राजाचं चित्र आटवलंत आणि सोनं आपलं केलंत. मी पण माझ्या वडिलांची बोली सोडली, माझी देवी सोडली, तुमच्या चुलीपुढं बसले, तुमचे उपास धरले. मी किती आटायची राहिले होते, ते सांगा. माझी पोर वाचवताना तुमच्या देवानं मला गाव विचारलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, घर वसतं राहो. आता तुम्हीच सांगा, ते खोटं होतं की हे खोटं आहे?"

पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या टपटपत होत्या. येमीमा आजीच्या पदरात शिरली होती. मंडळींतला एक तरुण, बाबेलहून आलेला, कोरड्या आवाजात म्हणाला, "हिच्या नवऱ्यानंच कटोरा केला ना? सोनारा, तूच सांग. हिचं सोनं वेगळं काढता येतं का?"

त्याला वाटलं असावं, सोनार 'येत नाही' म्हणेल आणि बाईचं तोंड बंद होईल. पलत्यानं मान वर केली. धंद्याचा प्रश्न होता, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

"नाही येत. एकदा एका मुशीत पडलं की कुणाचं कुठलं ते..."

तो मध्येच थांबला. आमच्याकडे वळला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यानं बायकोकडे सरळ बघितलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. मग तो पुन्हा हशब्याकडे वळला.

"काका, त्या दिवशी मी हात वर केला होता. तो मी खाली घेतो."

"म्हणजे?"

"मी हिला धाडणार नाही."

"पलत्या, विचार कर. मंडळीबाहेर जाशील. घर जाईल, भट्टी जाईल."

"हत्यारं?"

"हत्यारं पण."

पलत्यानं हात पाठीमागं नेले. "बरं," एवढंच म्हणाला.

हशब्या आता आईकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा पोराला. तुमच्या म्हातारपणाचं काय?"

आई काठीवर रेलून पुढं आली. "भावजी, या पोराला मी जन्म दिला, बोलायला शिकवलं, आणि आज तो पहिल्यांदा बोलला. आता त्याला गप्प बस म्हणू? चल गं सूनबाई. इथं ओल फार आहे."

निकाल लागायचा तसाच लागला. आमच्यामुळे कुणाचं मन पालटलं, कायदा बदलला, असं काही झालं नाही. माणसं आली आणि भट्टी, ऐरण, फुंकणी, घरातली भांडी घेऊन गेली. घराला दुसऱ्याची कडी लागली. पलत्यानं बांधून ठेवलेली अंजिरं आम्ही चौघांनी आणि पोरीनं वाटेत खाल्ली. आणलेलं गाढव जातं वाहायला कामी आलं. जातं त्यांनी नेलं नाही, कारण आई त्याच्यावर बसून राहिली होती.

शहराच्या पडक्या भिंतीबाहेर, उतारावरच्या वस्तीत आम्ही राहिलो. सोनं तिथं कुणाकडे नव्हतं. पलत्या नांगराचे फाळ आणि फुटक्या घागरी सांधू लागला. पहिल्या वर्षी त्याची बोटं भाजली आणि जीवही. संध्याकाळी तो मंदिराच्या धुराकडे बघत बसायचा. वहिनी त्याला बसू द्यायची आणि मग एखादा घडा आणून पुढ्यात ठेवायची. "हा गळतोय. देवाचा नाही, तुमच्या बहिणीचा आहे, पण गळतोय." तो कुरकुरत उठायचा. अश्दोदहून तिच्या भावांचा निरोप आला, इकडे या, बंदरावर काम आहे. वहिनीनं उलट निरोप धाडला की मासळी पाठवा, आम्ही कुठं जात नाही. हळूहळू तशीच आणखी घरं उतारावर आली. कुणी मवाबी, कुणी अम्मोनी. त्या घरांतली पोरं अर्धं यहूदी आणि अर्धं आपल्या आयांचं बोलत. वरच्या लोकांना ते फार झोंबायचं. आईला पण झोंबायचं, पण शिव्या द्यायच्या असल्या की ती अश्दोदीच द्यायची. त्या जास्त कडक आहेत, म्हणायची.

आई गेली ती जैतुनाच्या हंगामात. शेवटी तिनं वहिनीला जवळ बोलावलं. "मला माझ्या नवऱ्याशेजारी ठेवा. कुणाला विचारू नका. विचारलंत तर नको म्हणतील."

आमच्या घराण्यातले मेलेले ठेवायचं लेणं शहराच्या बाजूला, खडकात कोरलेलं. तोंडाशी मोठा गोल दगड. मंडळीबाहेरच्या माणसाला तो हलवायचा अधिकार नव्हता. लपूनछपून न्यावं असं शेजारी म्हणाले. वहिनीनं ऐकलं नाही. भर उन्हात, सगळ्यांच्या दारांवरून, आईला खांद्यावर घेऊन आम्ही निघालो. पुढं पलत्या आणि वस्तीतले दोघं, मागं वहिनी, मी, आणि आता खांद्याला लागलेली येमीमा. बायका दारात आल्या. काहींनी आत बोलावून पोरांना लपवलं. एक-दोघी मात्र मागून चालू लागल्या.

लेण्यापाशी हशब्या आधीच येऊन उभा होता. कुणीतरी कळवलं असणार. पाठीत वाकलेला, काठी धरलेला, लेण्याच्या तोंडाशी. बरोबर दोघं तरुण. तो आईच्या चेहऱ्यावरच्या कापडाकडे बघत राहिला. आईचं माहेर त्याच गल्लीतलं, लहानपणी एकाच अंगणात खेळलेली माणसं ती.

पलत्यानं आईला खाली ठेवलं आणि वस्तीतल्या दोघांसह दगडाला खांदा लावला. दगड हलेना. वहिनीनं पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं खांदा लावला. मी लावला, येमीमानं लावला. दगड करकरला आणि बोटभर सरकला. हशब्या तसाच उभा.

"मामंजी," वहिनी धापा टाकत म्हणाली, "अडवायचं असेल तर अडवा. नुसतं उभं राहायचं असेल तर बाजूला व्हा. दगड येतोय."

हशब्यानं दोघा तरुणांकडे बघितलं, मग आईकडे. मग काठी टेकत दोन पावलं बाजूला झाला.

आम्ही पुन्हा जोर लावला.